ज्याला वेळ लागतो, तो आधी निघेल: कृष्णाकाठच्या गावाची पूरतयारी

कृष्णेचा पूर ढगफुटीसारखा अचानक अंगावर येत नाही. कोयना आणि चांदोली धरणांचा विसर्ग जाहीर होतो. बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली अशा एकेका पुलावरची पातळी पाटबंधारे खातं कळवत राहतं. वरच्या पुलावरून खालच्या पुलापर्यंत पाणी पोहोचायला तास लागतात. तरीही 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरात घराघरांत माणसं अडकली. त्यांत म्हातारी, अंथरुणाला खिळलेली, गरोदर, एकटी राहणारी आणि गावात नवी असलेली माणसं होतीच.

गावाला निघण्याची हाक एकच असते, आणि ती सगळ्यांना एकाच वेळी मिळते. इथेच घोळ होतो. मोटारसायकलवाल्या तरुणाला दहा मिनिटं पुरतात. पक्षाघात झालेल्या आजोबांना घराबाहेर काढून, गाडीत घालून, निवाऱ्यात झोपवेपर्यंत तास दीड तास जातो, आणि त्याला चार माणसं लागतात. दोघांना एकच वेळ दिली की आजोबांची पाळी येईपर्यंत रस्ता पाण्याखाली जातो. म्हणून या मार्गदर्शिकेतली सगळी मांडणी एका नियमावर उभी आहे: ज्याला निघायला जास्त वेळ लागतो त्याला कमी पातळीवर, म्हणजे इतरांच्या बऱ्याच आधी, हलवायचं. त्यासाठी नावं माहीत हवीत, किती फूट पाण्याला निघायचं ते माहीत हवं आणि जिथे न्यायचं ती जागा त्या माणसाला वापरता यायला हवी.

मे महिन्यात यादी

यादी गल्लीवार करा, वॉर्डवार नको. एका गल्लीला दोन माणसं द्या. त्यातली एक आशा ताई किंवा अंगणवाडी सेविका असावी, कारण गरोदर बाया, तान्ही मुलं आणि घरातले आजारी यांची माहिती त्यांच्याकडे आधीच असते. दुसरं माणूस त्याच गल्लीतलं असावं. पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी यांच्याकडे या यादीची एकेक छापील प्रत द्या. पूर आला की वीज जाते आणि मोबाईल बंद पडतो, त्यामुळे फक्त फोनमधल्या यादीचा उपयोग नाही.

दारात जाऊन “घरात कोणी अपंग आहे का?” असं विचारू नका. बहुतेक घरं “नाही” म्हणतात. कुणाला लाज वाटते, कुणाला आजीचं गुडघ्याचं दुखणं त्यात मोडतं असं वाटतच नाही. त्याऐवजी असं विचारा: तीन पायऱ्या चढायला कुणाला हात द्यावा लागतो का? रात्री अंधारात हाक मारली तर कुणाला ऐकू येत नाही? अनोळखी माणसांत, गोंगाटात कुणी फार बिथरतं का? कुठलं औषध एक दिवसही चुकवून चालत नाही? डायलिसिस, ऑक्सिजन, इन्सुलिन? कुणाची बाळंतपणाची तारीख जुलै ते सप्टेंबरमध्ये आहे का? दुपारी घरात एकटं कोण असतं? शेवटच्या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या. घरात सहा माणसं असली तरी सकाळी अकराला सगळी रानात किंवा कामावर असतात, आणि आजी एकटी असते.

यादी पुरेशी झाली का हे तपासायला एक साधा आकडा धरा. 2011 च्या जनगणनेत देशात दिव्यांगांचं प्रमाण 2.2 टक्के नोंदलं गेलं आणि महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं सुमारे 10 टक्के होती. म्हणजे 5000 वस्तीच्या गावात कमीत कमी शंभरेक दिव्यांग आणि पाचशेच्या आसपास ज्येष्ठ असणार. तुमच्या यादीत बाराच दिव्यांगांची नावं असतील तर यादी अपुरी आहे. पुन्हा फिरा.

काही लोक कुठल्याच सरकारी कागदावर सापडत नाहीत, त्यांना मुद्दाम शोधावं लागतं. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे परराज्यांतले कामगार एका खोलीत पाच-सहा जण राहतात, ना रेशनकार्ड ना मतदारयादीत नाव. पालं ठोकून राहणारी भटकी कुटुंबं बऱ्याचदा नदीकाठच्या मोकळ्या जागेतच असतात. भाड्याने राहणारे विद्यार्थी, मळ्यातल्या वस्तीवरचे सालगडी, एकट्या राहणाऱ्या विधवा, तृतीयपंथी, देहविक्री करणाऱ्या बाया यांचीही नावं अशीच सुटतात. त्यांच्यापर्यंत ज्यांचा रोजचा संबंध आहे अशाच माणसाला पाठवा: खोलीमालक, मुकादम, किंवा त्या वस्तीत आधीपासून काम करणारी संस्था.

एका माणसाची एक ओळ असावी. त्या ओळीत नाव, गल्ली आणि खुणेचं घर, कोणत्या मजल्यावर, बोलायची भाषा, काय मदत लागेल, सोबत काय न्यायचं, मदतीला ठरलेली दोन माणसं आणि दोन फोन नंबर, एवढंच. आजाराचं नाव लिहू नका, गरज लिहा. “मनोरुग्ण” असं न लिहिता “रात्रीची गोळी चुकवायची नाही, बहीण सोबत हवी” असं लिहा. एचआयव्हीचा उल्लेख तर कुठल्याही कागदावर नको. यादी चावडीवर लावू नका आणि दारावर रंगाची खूणही करू नका. घरात एकटी म्हातारी आहे हे चोरालाही त्यातूनच कळतं.

मदतीला ठरवलेली माणसं एक नाही, दोन का? एकाच माणसाचं नाव लिहिलं आणि तो त्या दिवशी पुण्याला असला, तर सगळंच कोसळतं. दोघांपैकी एक शेजारचा असावा आणि दोघांनी ते काम तोंडाने कबूल केलेलं असावं. विचारल्याशिवाय नावं घालण्याची सवय फार आहे, आणि आयत्या वेळी त्या नावांचा काही उपयोग होत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 8 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे. गावाची यादी तहसील कार्यालयात देताना या कलमाचा उल्लेख करून पोहोच घ्या. यादी दर महिन्याला एकदा तपासा. बाळंतपणं होतात, माणसं जातात, भाडेकरू बदलतात.

फुटांचं गणित

सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019 मध्ये तिथे पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, इनामदार प्लॉट अशा सखल भागांत पाणी इशारा पातळी येण्याआधीच शिरतं. तिथल्या माणसाला “40 फुटांना इशारा” सांगून काय उपयोग? म्हणून प्रत्येक गल्लीचा आपला आकडा काढायचा.

जवळच्या पुलाचं माप घ्या. पलूस तालुक्यातल्या गावाने भिलवडीचं, म्हैसाळच्या बाजूला असाल तर अंकली आणि म्हैसाळचं. वारणाकाठच्या गावांनी वारणेचं पाणी पाहायचंच, पण हरिपूरच्या संगमाजवळ कृष्णा तुडुंब असली की वारणेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. त्या गावांनी दोन्ही आकडे पाहावेत. मग जाणत्या माणसांना आणि नावाड्यांना विचारून लिहून काढा: कुठल्या आकड्याला ओढ्यावरचा फरशी पूल बुडतो, कुठल्या आकड्याला खालच्या गल्लीत पाणी येतं, कुठल्या आकड्याला गावाला वेढा पडतो. या तिन्हींत पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. घर कोरडं असतं, पण रस्ता गेलेला असतो, आणि मग बोटीशिवाय पर्याय उरत नाही.

आता उलटं मोजा. समजा तुमच्या यादीत उचलून न्यावी लागणारी 14 माणसं आहेत. गाडी एक आहे, तिच्यात एका वेळी दोघं सोबत्यांसह बसतात. घरातून काढणं, बसवणं, जाणं, उतरवणं, परत येणं मिळून एका फेरीला 50 मिनिटं लागतात. सात फेऱ्या म्हणजे जवळपास सहा तास. गाडी अडकणं, कुणीतरी ऐनवेळी “येत नाही” म्हणणं, पाऊस यासाठी दोन तास जास्तीचे धरा. एकूण आठ. पाणी तासाला अर्धा फूट चढत असेल तर आठ तासांत चार फूट चढेल. रस्ता 38 फुटांना बुडत असेल तर पहिली गाडी 34 फुटांना निघाली पाहिजे. तुमच्या गावाचे आकडे वेगळे असतील, पण गणित हेच. आणि जो आकडा येईल तो रात्री नऊ ते पहाटे पाचच्या दरम्यान गाठला जाईल अशी चिन्हं असतील, तर आदल्या दुपारीच निघायचं. अंधारात, पावसात स्ट्रेचर उचलताना माणसं घसरतात.

बाळंतपण चार आठवड्यांच्या आत असलेल्या बाईला आणि डायलिसिसवर असलेल्या माणसाला तर या आकड्याचीही वाट पाहायला लावू नका. धरणांतून मोठा विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की त्यांना उंचावरच्या नातेवाईकांकडे किंवा रुग्णालयाजवळ पाठवा. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा करावं लागतं. गावाला चार दिवस वेढा पडला तर तो माणूस निवाऱ्यात सुखरूप असूनही संकटात असतो.

एक धोका मात्र आकड्यांत दिसत नाही. “2005 ला पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत आलं नव्हतं” या भरवशावर 2019 मध्ये अनेक घरं थांबली आणि वेढली गेली. जुन्या पुराची रेघ भिंतीवर जरूर ठेवा, पण तिच्यावर अवलंबून राहू नका असं मे महिन्याच्या ग्रामसभेत मोठ्याने सांगा.

साताऱ्याच्या डोंगरी भागात, पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे, हे फुटांचं गणित लागू पडत नाही. जुलै 2021 मध्ये मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे दरड कोसळली तेव्हा पळायला वेळच नव्हता. तिथे रेड अलर्टच्या दिवसांत चालता न येणाऱ्यांनी झोपायलाच सुरक्षित जागी जायचं. जमिनीला नव्या भेगा दिसल्या, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा बंद झालं, तर सगळी वाडी लगेच हलवायची. गाडी पोहोचत नाही तिथे डोली करण्यासाठी दोन मजबूत बांबू आणि जाड चादर वाडीत तयार ठेवा, आणि उचलणारे सहा जण ठरवून ठेवा. चार जणांना लांबचा उतार पेलत नाही, पाळी बदलावी लागते.

निरोप कसा द्यायचा

गावात दवंडी, स्पीकरची गाडी आणि व्हॉट्सॲप या तीन वाटांनी निरोप जातो. बहिऱ्या माणसाला पहिल्या दोन्ही ऐकू येत नाहीत. अंध माणसाच्या फोनला फोटोतली अक्षरं सहसा वाचता येत नाहीत, त्यामुळे तलाठ्याच्या पत्राचा नुसता फोटो पुढे पाठवला की त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. निरोप टाइप करून पाठवा, सोबत तोच वाचून दाखवलेला आवाजी संदेश पाठवा. मिरज आणि जतच्या भागात कानडीत, कामगार वस्तीत हिंदीत तोच निरोप द्या. मे महिन्यातच भाषांतर करून मोकळ्या जागा ठेवलेले नमुने तयार ठेवले तर आयत्या वेळी फक्त आकडे भरायचे राहतात.

नमुना असा: “सूचना 3. मंगळवार, सकाळी 8. भिलवडी पुलावर पाणी वाढत आहे. खालच्या गल्लीतील यादीतल्या माणसांनी आज दुपारी 1 पर्यंत निघायचे. जागा: माळावरची शाळा. गाडी दारात येईल. औषधं, कागद, चष्मा, काठी सोबत घ्या. पुढची सूचना सकाळी 11 वाजता.” सूचनेला क्रमांक आणि वेळ हवीच. नाहीतर कालचा निरोप आज फिरत राहतो आणि लोक गोंधळतात. “सतर्क राहावे” असं लिहू नका. त्याने काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

बहिऱ्या माणसाच्या घरी शेजाऱ्याने जायचं. रात्री टॉर्चचा उजेड आपल्या चेहऱ्यावर ठेवायचा, म्हणजे ओठ दिसतात. चार चित्रांचं एक कार्ड ठेवा: पाणी, गाडी, शाळा, औषध. मतिमंद मूल किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना निरोप अनोळखी माणसाने देऊ नये. घरच्या किंवा ओळखीच्या माणसानेच सांगायचं, आणि शक्य असेल तर आधी एकदा ती शाळा दाखवून आणायची.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077, रुग्णवाहिका 108, तातडीची मदत 112. हे तीन नंबर मोठ्या अक्षरांत प्रत्येक घरात लावा.

उचलणं, बसवणं, बोट

व्हीलचेअरवरच्या माणसाला आधी विचारा, “तुम्हाला कसं उचलायचं?” त्याला सगळ्यात जास्त माहीत असतं. पायऱ्या उतरताना खुर्चीची पाठ खालच्या बाजूला येऊ देऊ नका. माणसाचं तोंड खालच्या बाजूला ठेवून, खुर्ची मागे कलती करून मोठी चाकं एकेका पायरीवर टेकवत उतरायचं, एक माणूस मागून मुठी धरून, दुसरा पुढून चौकट धरून. हात टेकायच्या आणि पाय ठेवायच्या पट्ट्या निघणाऱ्या असतात, त्यांना धरून उचललं की त्या हातात येतात. व्हीलचेअर नसेल तर हातांची लाकडी खुर्ची वापरा. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय ओझ्याने मुडपतात आणि ओल्या जमिनीवर निसटतात. अंध माणसाला हाताला धरून ओढू नका. तुमचा कोपर त्याला धरू द्या, आणि “पुढे दोन पायऱ्या खाली” असं बोलत चला. त्याची काठी त्याच्याच हातात असू द्या.

बोटीत आधी लाईफ जॅकेट, मग पाऊल. व्हीलचेअर बोटीत नेली तरी माणसाला खुर्चीला बांधायचं नाही, बोट उलटली तर तो सुटू शकत नाही. त्याला बोटीच्या तळाशी, मधोमध, पाठीला टेकू देऊन बसवायचं आणि खुर्ची मिटून पुढच्या फेरीत आणायची. पण आणायचीच. खुर्ची मागे राहिली की निवाऱ्यात तो माणूस महिनाभर जमिनीवर पडून राहतो. बोटीवर किती माणसं बसणार हा आकडा रंगाने लिहा आणि नावाड्याला “नाही” म्हणायचा अधिकार द्या. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला गाव सोडणाऱ्यांनी भरलेली बोट उलटून जीव गेले. उशिरा निघालेल्या गावात प्रत्येक फेरीला गर्दी होते, आणि त्या गर्दीतच बोट जास्त भरली जाते. गुऱ्हाळाची काहील, म्हणजे गूळ करायची मोठी कढई, घेऊन निघण्याची पद्धत या भागात जुनी आहे. ती गोल असते, तिला कणा नसतो आणि स्वतःचा तोल सावरता न येणारा माणूस तिच्यात बसला तर ती कलंडते. अशा माणसासाठी काहील वापरू नका.

सोबतच्या पिशवीत सात दिवसांची औषधं, चिठ्ठीची झेरॉक्स, आधार, रेशनकार्ड, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं ओळखपत्र), बँक पासबुक, चष्मा, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या, लघवीची पिशवी किंवा डायपर. कागद दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घालून गाठ मारा. इन्सुलिनसाठी फ्रीज मिळाला नाही तर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं भांडं चालतं, वापरात असलेली बाटली सुमारे चार आठवडे गार सावलीत टिकते. ती बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

जनावरं

म्हैस दावणीला असताना घर सोडा म्हटलं तर घरातला कर्ता माणूस हलत नाही, आणि तो हलत नाही म्हणून त्याची आई, लहान मूल आणि गरोदर सूनही थांबते. दूधधंद्याच्या या पट्ट्यात जनावरांची सोय केल्याशिवाय माणसं बाहेर निघत नाहीत. म्हणून जनावरांचा तळ माणसांच्या निवाऱ्याजवळच, चालत जाता येईल इतक्या अंतरावर ठरवा. वैरण आणि पाण्याची जबाबदारी आधी वाटून द्या. कानातल्या टॅगचे नंबर लिहून घ्या, भरपाईच्या वेळी ते कामी येतात. एकटी बाई, म्हातारं जोडपं यांची जनावरं मंडळाच्या पोरांनी आधी न्यायची. वेळ अगदीच हातातून गेली तर दावं कापून मोकळं सोडा. बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं बरेचदा पोहत कडेला लागतं.

निवारा

बहुतेक निवारे म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा किंवा मंगल कार्यालय. जूनच्या आधी तिथे व्हीलचेअर घेऊन प्रत्यक्ष फिरून या. फाटकापासून झोपायच्या जागेपर्यंत, तिथून संडासापर्यंत, नळापर्यंत, जेवणाच्या जागेपर्यंत. जिथे अडलात ते लिहा.

शाळेचं जोतं साधारण दीड फूट उंच असतं, तीन पायऱ्यांचं. व्हीलचेअर चढायला तिथे उतार (रॅम्प) करा. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दीड फुटाला 18 फूट लागतात. रुंदी चार फूट. तात्पुरत्या कामाला 8 बाय 4 च्या 18 मिलिमीटर जलरोधक प्लायच्या तीन शीट पुरतात. खाली दर दोन फुटांवर आडवा लाकडी ठोकळा आणि विटांचा आधार द्या. आधार लांब ठेवले तर प्लाय मधे वाकतो. दोन्ही कडांना दोन इंच उंचीची पट्टी ठोका, चाक बाहेर जात नाही. ओला ऑइलपेंट लावून त्यावर बारीक वाळू भुरभुरा, पकड येते. गोणपाट ठोकू नका, भिजलं की ते गोळा होतं आणि चाक अडकतं. उताराच्या वरच्या टोकाला दारापाशी निदान चार फूट सपाट जागा लागते, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घसरते. खालचं टोक चिखलात संपत असेल तर तिथे खडी दाबून घ्या. तीन इंचांची एक पायरी राहिली तरी बाकीचे अठरा फूट वाया जातात. आणि उतारासमोर मोटारसायकली लागणार नाहीत याची जबाबदारी एकावर टाका. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. त्यातून काय करता येईल ते ग्रामसभेत विचारा.

संडासाचा प्रश्न यापेक्षा मोठा. दिवसभर पाणी न पिणाऱ्या आजी निवाऱ्यात नेहमी दिसतात, कारण त्यांना भारतीय पद्धतीच्या भांड्यावर बसता येत नाही किंवा अंधारात तिकडे जायला भीती वाटते. भांड्यावर ठेवायची भोक असलेली कमोड खुर्ची दोन-तीन तरी आणून ठेवा. भिंतीला दीड इंची जीआय पाइपची मूठ बसवा, बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशी, सुमारे अडीच फुटांवर. दार बाहेर उघडणारं, तीन फूट रुंद, आतून कडी असलेलं. बायकांचे संडास पुरुषांपासून वेगळे आणि उजेडात हवेत, वाटेवरही दिवा हवा. आपत्तीतल्या मदतीचे जगभर वापरले जाणारे स्फिअर निकष सुरुवातीला 50 माणसांमागे एक आणि नंतर 20 माणसांमागे एक संडास सांगतात, आणि पुरुषांच्या एकास बायकांचे तीन. सॅनिटरी पॅड मागायला लावू नका, बायकांच्या न्हाणीत ठेवून द्या, आणि टाकायला झाकणाची बादलीही तिथेच ठेवा.

त्याच निकषांत झोपायला माणसी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे 38 चौरस फूट जागा आहे. 20 बाय 20 च्या वर्गात हिशेबाने दहाच माणसं बसतात. प्रत्यक्षात चाळीस असतात, म्हणून निदान एवढं करा: संडासाजवळच्या खोल्या चालता न येणाऱ्यांना, तान्ह्या मुलांच्या आयांना वेगळी खोली, आणि प्रत्येक खोलीत तीन फुटांची मोकळी वाट. जमिनीवरून उठता न येणाऱ्यांसाठी दोन बाकं जोडून वर गादी टाका. बाकं सुतळीने बांधा, सरकली तर माणूस मधे पडतो. सोबत्याला त्याच्यापासून वेगळं झोपवू नका. बिथरणाऱ्या मुलासाठी स्पीकरपासून लांब एक शांत कोपरा ठेवा. तृतीयपंथी व्यक्तीला कुठे झोपायचं ते तिलाच विचारा.

जेवण रांगेत उभं राहूनच मिळत असेल तर यादीतली माणसं शेवटी किंवा उपाशी राहतात. त्यांचं ताट जागेवर पोहोचवा. चार दिवस नुसती खिचडी आणि गोड चहा दिला की मधुमेह्यांची साखर वाढते, भाकरी-आमटी आणि बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवा. दात नसलेल्यांना मऊ भात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी देणगीत आलेली दूधपावडर वाटू नका. गढूळ पाण्यात कालवलेली पावडर बाळाला जुलाब लावते. आईला अंगावर पाजायला आडोसा आणि जास्तीचं जेवण द्या. पाण्यात 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालून अर्धा ते एक तास थांबा आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं का याची चाचणी, करा. जुनी, उघडी राहिलेली पावडर निष्प्रभ झालेली असते, म्हणून टेस्ट सोडायची नाही.

जातीचा प्रश्न निवाऱ्यात येतो. कुणाच्या घागरीला कुणी हात लावायचा, कुठल्या खोलीत कोण झोपणार, स्वयंपाक कोण करणार यावरून सुरुवात होते आणि दलित किंवा भटक्या कुटुंबांना व्हरांड्यात ढकललं जातं. खोल्या गरजेप्रमाणे वाटायच्या, वस्तीप्रमाणे नाही, हे पहिल्याच तासात जाहीर करा. स्वयंपाकात आणि वाटपात प्रत्येक वस्तीतली माणसं घ्या. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 चं कलम 61 मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करायला मनाई करतं. कलमाचा मजकूर छापून दर्शनी भिंतीवर लावा.

वाटप आणि पंचनामा

मदतीचे ट्रक हमरस्त्यावर थांबतात आणि रस्त्याकडेच्या घरांना तीन-तीन किट मिळतात, तर आतल्या मळ्यात काहीच पोहोचत नाही. 2019 मध्ये हे उघड दिसलं. ट्रक गावात आला की आधी सगळ्यात लांबच्या वस्तीवर न्या. कुपन घरटी द्या आणि ज्यांना येता येत नाही त्यांचं किट घरपोच द्या. 25 किलोची पोती म्हाताऱ्या बाईला नेता येत नाहीत, पाच-पाच किलोच्या पिशव्या करा.

पंचनाम्यात सगळ्यात जास्त माणसं सुटतात, आणि ती कायमची सुटतात. राज्य आपत्ती निधीच्या 2022-26 च्या निकषांनुसार कपड्यांसाठी 2500 आणि भांड्यांसाठी 2500 रुपये कुटुंबाला ठरले होते, दुभत्या म्हशी-गाईला 37,500, शेळी-मेंढीला 4000. आपत्तीमुळे 40 ते 60 टक्के अपंगत्व आलं तर 74,000 आणि 60 टक्क्यांच्या वर 2.5 लाख. सरकार याच्या वर वेगळी मदत जाहीर करू शकतं, तो आदेश त्या वेळी पाहावा. “कुटुंबाला” या शब्दातच अडचण आहे. एका घरात तीन चुली आणि एक रेशनकार्ड असेल तर एकच कुटुंब लिहिलं जातं. चुली वेगळ्या असल्याचं शेजाऱ्यांच्या सह्यांनी पंचनाम्यातच लिहून घ्या, नंतरच्या अर्जाने होत नाही.

पथक यायच्या आधी घराघरांत हे पाहा: पाण्याची रेघ भिंतीवर खडूने ओढून तारखेसह फोटो काढला का? भाडेकरूचं सामान घरमालकाच्या नुकसानीत तर धरलेलं नाही ना? बाईच्या नावावर घर नसलं तरी राहणारी म्हणून तिचं नाव आलं का? बँक खातं चालू आणि आधारला जोडलेलं आहे का, आणि ते तिचं स्वतःचं आहे का? वाहून गेलेली तीनचाकी सायकल, कानाचं यंत्र, शिलाई मशीन, हातगाडा लिहिला का? जे अजून नातेवाईकांकडे किंवा दवाखान्यात आहेत त्यांचं घर “बंद” म्हणून सोडलं तर नाही? बंद घरांची वेगळी यादी करून दुसऱ्या फेरीची तारीख पथकाकडून तिथेच लिहून घ्या.

पंचनाम्याची यादी चावडीवर नुसती चिकटवू नका, प्रत्येक वस्तीत जाऊन मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्याला आपलं नाव राहिलंय हे तेव्हाच कळतं. हरकत तोंडी सांगितली तरी ती लिहून घेणारं माणूस बसवा आणि तहसीलदारांकडे एकत्र अर्ज द्या, पोहोच घेऊन.

पाणी उतरल्यावर चिखल काढायची पाळीही त्याच यादीने लावा: एकट्या म्हाताऱ्यांचं, दिव्यांगांचं, बाळंतिणीचं घर पहिलं. आधी मीटर बंद करून वायरमनकडून तपासून घ्या, साप आणि विंचू यांसाठी कपाटामागे काठीने पाहा, मगच आत शिरा. पायाला जखम असलेल्यांनी आणि मधुमेह्यांनी चिखलात अनवाणी उतरू नये, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. गमबूट नसतील तर त्यांना दुसरं काम द्या. घर वाळेपर्यंत, म्हणजे भिंतीची ओल हाताला लागेनाशी होईपर्यंत, दमेकऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना तिथे झोपायला पाठवू नका. निवारा बंद करायची तारीख ठरवताना यादीतल्या शेवटच्या माणसाचं घर राहण्याजोगं झालं का ते जाऊन पाहा, मगच शाळेच्या चाव्या परत द्या.